दुसरा कान

प्रिय ताई,

अक्षर ओळखलंच असशील. पाकीट न फोडता केरात टाकावं असं वाटलं असेल तर त्यात तुझी काही चूक नाही. पण फोडलं आहेस, तर शेवटपर्यंत वाच. मध्येच उठून चहा टाकू नकोस, आणि 'हिचं नेहमीचंच' म्हणून घडी घालून उशीखाली सारू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि त्या अर्ध्यावरून मी अख्खं भांडण उभं करते, हे तुझंच म्हणणं. प्रत्यक्ष यायचं म्हणशील तर तेवढी हिंमत अजून गोळा झालेली नाही. तू माझ्याहून मोठी ती फक्त अकरा मिनिटांनी, आणि आयुष्यभर मी त्यावरून तुझी थट्टा केली. आज मात्र तू खरोखरची मोठी आहेस असं वाटतंय आणि मला ते फार जड जातंय.

यांची तब्येत आहे तशीच आहे. उजव्या हाताची दोन बोटं आता हलतात. ती हलली की हे माझ्याकडे असे बघतात, की जणू बंद पडलेली लिफ्ट यांनीच आत्ता चालू करून दिली. व्यायाम शिकवणारा आठवड्यातून दोनदा यायचा, तो सध्या बंद केलाय. का, ते पुढे येईलच. बोलणं अजून नीट उमटत नाही, पण रोज दुपारी दाराकडे बोट करून 'ता, ता' म्हणतात. तुलाच विचारतात. गेला महिनाभर मी न समजल्यासारखं करून यांना पाणी आणून देतेय. तहान नसताना एवढं पाणी पिऊन हेही वैतागले असतील.

सहा आठवड्यांपूर्वी भत्ता कार्यालयाचं पाकीट आलं, ते खिडकीवालं. आत एकच पान. आपणांस गेले एकोणीस महिने देय रकमेपेक्षा जादा भत्ता अदा झाला आहे, जादा रक्कम तीस दिवसांत परत करावी, अन्यथा वसुलीची कारवाई करण्यात येईल. खाली सही नाही, नुसता शिक्का, तोही वाकडा. चूक कुणाची, कशी झाली, त्याबद्दल एक अक्षर नाही. मी ते पान तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला एकच दिसलं, की कुणीतरी माझी चुगली केली.

तुला हे सांगायला मला लाज वाटते, पण आता लाजून उपयोग नाही. एकोणीस महिन्यांपूर्वी माझ्या खात्यात भत्ता दुप्पट यायला लागला होता. बरोबर दुप्पट, एक पैसा कमी नाही की जास्त नाही. तुला आठवतं, कारखाना बंद झाला तेव्हा त्या डॉक्टरने एकेका कानाला भोंगा लावून आपल्याला तपासलं होतं. माझा उजवा कान पूर्ण गेलेला, तुझा डावा. दोघींना एकेका कानाचा भत्ता लागला. माझा डावाही निम्मा गेलाय असं मी तेव्हापासून कार्यालयाला लिहीत होते, दर वर्षी एक अर्ज, आणि दर वर्षी उत्तर नाही. त्यामुळे पैसे दुप्पट झाले तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं, की झालं, दुसरा कान मंजूर झाला. यांना सांगितलं, दुसरा कान मंजूर झाला. आरशात बघून डाव्या कानाला एकदा हातसुद्धा लावला. तुला मात्र सांगितलं नाही. म्हटलं, हिचा एकच मंजूर आणि माझे दोन, उगाच हिच्या पोटात दुखेल.

मग जादा रक्कम परत करा म्हणतात, याचा अर्थ मी काय लावला असेल? कुणीतरी कळवलं, की या बाईला डाव्या कानाने चांगलं ऐकू येतं. आता शोध सुरू झाला. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे, दूधवाला हसला तरी मी दूध मोजून घेते. पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांवर. सदानकदा जिन्यात उभे असतात, आणि एकदा त्यांनी मागून हाक मारली तेव्हा मी चटकन वळले होते. दुसरा औषधवाल्यावर. त्याने किंमत पुटपुटली आणि मी 'मागच्या वेळी कमी होती' म्हणाले, तेव्हा त्याने भुवया वर केल्या होत्या. तिसरा व्यायामवाल्यावर, कारण तो अचानक नवे बूट घालून आला. चुगलीचं बक्षीस मिळत असेल तर? आठ दिवस मी ठार बहिरी होऊन वावरले. जिन्यातून दोन माणसं कपाट घेऊन उतरत होती, बाजूला व्हा, बाजूला व्हा म्हणून ओरडत होती, मी मुद्दाम हलले नाही. कपाटाचा कोपरा खांद्याला बसला. अजून तिथे हिरवं-निळं आहे. मास्तरांनीच मलम आणून दिलं, आणि मला वाटलं, मन खात असणार म्हणूनच आणून दिलं.

आणि मग रात्रंदिवस विचार करता करता सगळी बोटं तुझ्याकडे वळली. माझ्या डाव्या कानाचं खरं माप जगात एकच माणूस जाणतं. लहानपणापासून तू त्याच कानात बोलत आलीस. एकदा हे डोक्यात शिरल्यावर मागचं एकेक जागेवर बसायला लागलं. यांना झटका आल्यानंतर साताठ महिन्यांनी मी बसमधून तुला पाहिलं होतं, भत्ता कार्यालयाच्या पायऱ्यांवर, रुमाल बांधत उभी होतीस. नंतर विचारलं तर म्हणालीस दातवाल्याकडे गेले होते, त्याच रस्त्यावर आहे ना. ताई, त्या रस्त्यावर दातवाला आहे हे खरं, पण तुझे दात आपल्या सगळ्या घरात चांगले. मग तुझं सकाळी लवकर बाहेर पडणं. कपडे धुण्याच्या कारखान्यात चादरींच्या घड्या घालायला जाते, घरी वेळ जात नाही म्हणून, असं सांगितलंस. साठीला टेकलेल्या, कंबर धरलेल्या बाईला वेळ घालवायला चादरीच सापडल्या? मला तर वाटलं होतं, कुणीतरी भेटलाय तुला, आणि मला कळू देत नाहीस. तुझं आरशाचं कपाट घरातून गेलं, त्याला वाळवी लागली म्हणालीस. वाळवी लागली की भुसा पडतो. मी खाली वाकून बघितलं होतं, जमीन स्वच्छ होती.

पण सगळ्यात जास्त खटकला तो पलंग. यांच्यासाठी तो दांडा फिरवला की डोकं वर येणारा पलंग घेतला, तो बघायला आलीस. दांडा फिरवून पाहिलास, यांना वर घेतलंस, खाली घेतलंस, हे खुदखुदले. चांगला घेतलास गं, म्हणालीस. आणि किंमत विचारली नाहीस. तू, जी कुणाच्या घरी पायपुसणं नवीन दिसलं तरी आधी किंमत विचारते आणि मग 'फसवलं तुला' म्हणते, ती तू त्या दिवशी चहा पिऊन निघून गेलीस. तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. नोटीस आली आणि मला वाटलं, हिने तेव्हाच हिशेब मांडला असणार, की हिच्याकडे एवढे पैसे कुठून आले, आणि गेली असणार कार्यालयात.

म्हणून त्या दिवशी दार उघडलं नाही. घरात नव्हते असं मी नंतर शेजारणीकडून तुला कळवलं, ते खोटं होतं. तू बटण दाबलंस, बैठकीतला दिवा लुकलुकला. यांनीच बसवलेला तो दिवा, आपल्यासारख्यांना घंटा ऐकू येत नाही म्हणून. मी दाराच्या भोकातून पाहिलं, तू होतीस, हातात यांच्यासाठी विणलेला तो राखाडी पायमोज्यांचा जोड. दिवा परत लुकलुकला. यांचं लक्ष जायला नको म्हणून मी स्टुलावर चढून दिव्यावर तळहात ठेवला. माझ्या बोटांच्या फटींतून तो लाल दिसत राहिला, तीनदा, चारदा. मग थांबला. मी खाली उतरून दाराला हात टेकवून उभी राहिले, तू गेलीस की नाही याचा अंदाज घ्यायला. आणि हाताला दोन ठोके लागले. हळू, दोन बोटांनी, दोनदाच. मोजे दाराच्या कडीला अडकवून तू गेलीस. मी मोजे आत घेतले आणि कपाटाच्या तळाशी टाकून दिले, यांना घातले नाहीत.

ते दोन ठोके. सत्तावीस वर्षं आपण त्या काचेच्या कारखान्यात पट्ट्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसलो. बाटल्या ओतायचं यंत्र माझ्या उजव्या हाताला आणि तुझ्या डाव्या, म्हणूनच तर कान असे गेले. मागून पांढरा दिवा, पुढून बाटल्या सरकतायत, आणि आपण तडे हेरतोय. बाटली आधी माझ्यासमोरून जायची, मग हातभर पुढे तुझ्यासमोरून. एखादा तडा माझ्या नजरेतून निसटला, की तू पट्ट्याच्या पत्र्यावर दोन बोटांनी दोनदा ठोकायचीस. त्या गोंगाटात ऐकू काय येणार, पण माझ्या मनगटाला कळायचं. राहू दे, मी काढते. आणि बाटली गुपचूप तुझ्या टोपलीत जायची. मुकादम माझ्या सुटलेल्या बाटल्या मोजायचा तेव्हा एकही सापडायची नाही, आणि मी पगारवाढ घेऊन यायचे. सत्तावीस वर्षांत किती बाटल्या काढल्यास ते तू कधी बोलली नाहीस. मीही कधी विचारलं नाही, हे आता लक्षात येतंय.

तर मी रागाने भरून कार्यालयात गेले, चुगलखोराचं नाव काढायचंच म्हणून. तुझंच नाव निघणार याची खात्री होती, फक्त कागदावर बघायचं होतं. पत्र्याच्या खुर्च्या, हातात नंबर, समोर जाड काचेच्या खिडक्या. सात नंबरच्या खिडकीत गळ्यात चष्मा अडकवलेली एक बाई होती. काचेतून ऐकू येत नाही म्हटल्यावर ती उठून बाहेर आली, मला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, कुठल्या बाजूला बसू म्हणजे तुम्हाला बरं पडेल? आजवर सरकारने मला एवढं कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे मी लगेच सावध झाले. एवढी गोड बोलते म्हणजे काहीतरी दडवते. मी म्हटलं, बाकी काही नको, कळवलं कुणी तेवढं दाखवा.

तिने फाइल उघडून एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. अक्षर ओळखीचं होतं. माझंच होतं, ताई. अडीच महिन्यांपूर्वी मी लिहिलं होतं, विसरलेही होते. 'माझा दुसरा कान आपण मंजूर केलात याबद्दल आभारी आहे. तथापि तो कान पहिल्याबरोबरच बिघडला असल्याने त्याची मागील सर्व वर्षांची थकबाकीही मिळावी.' ते पत्र मिळाल्यावर कुणीतरी पहिल्यांदाच फाइल उघडून बघितली, की हिचा दुसरा कान मंजूर केला कुणी. तो कुणीच केला नव्हता. चुगली करणारी मीच निघाले, तीही सहीनिशी आणि पोच घेऊन.

मग झालं काय होतं? चष्मेवाल्या बाईने फाइल उलगडली तर आत दोन फाइली, एकाच दोऱ्याने बांधलेल्या. एक माझी, एक तुझी. कार्यालय नव्या इमारतीत हललं तेव्हा कुणा कारकुनाने सगळ्या फाइली लावल्या. त्याच्यापुढे आपल्या दोन आल्या. जन्मतारीख एक, आईबापांची नावं एक, कारखान्याच्या पटावर पत्ता एक, आडनाव माहेरचं, नावाचं पहिलं अक्षर एक, हस्ताक्षरसुद्धा एकच, कारण तुझाही अर्ज मीच भरलेला. फरक फक्त एवढाच, एकीत उजवा कान, दुसरीत डावा. त्या शहाण्याने कपाळाला हात लावला असेल, एका बाईने दोन कानांसाठी दोन अर्ज केले म्हणून. त्याने दोन्ही एकत्र बांधल्या, वर लिहिलं, 'एकच व्यक्ती, दोन कान', आणि दोन्हींचे पैसे एका खात्यावर लावले. माझ्या. मला आधी हसूच आलं. म्हटलं, आईच्या पोटातही आम्हाला कुणी एक समजलं नव्हतं. आणि हसता हसता माझं लक्ष तारखांकडे गेलं. ज्या महिन्यापासून माझा भत्ता दुप्पट झाला, त्याच महिन्यापासून तुझा बंद होता. एकोणीस महिने. मी बाईला विचारलं, मग माझ्या बहिणीने तक्रार नाही केली? मग तुझ्या फाइलच्या शेवटी टाचणीने लावलेली एक चिठ्ठी तिने सोडवून माझ्या हातात दिली.

खिडकीच्या काचेतून तुलाही ऐकू आलं नसणार, म्हणून कारकुनाने कागदावर विचारलेलं. पैसे या क्रमांकाच्या खात्यावर नियमित जमा होत आहेत, हे खाते आपलेच आहे का? आणि खाली तुझं ते वाकडं, मुंग्यांच्या रांगेसारखं अक्षर, जे आईलाही वाचता यायचं नाही. मला आलं. 'माझं नाही, बहिणीचं आहे. राहू द्या तिथंच. तिच्या घरी माणूस अंथरुणाला आहे. तिला कळवू नका.' तारीख सतरा महिन्यांपूर्वीची. मी तुला बसमधून पाहिलं त्या दिवसाची. माझ्या खात्याचा नंबर तुला पाठ, कारण यांना झटका आला तेव्हा बँकेत तूच धावली होतीस. आणि त्या कारकुनाने चूक दुरुस्त करायची सोडून चिठ्ठी फाइलला टाचली, वर शेरा मारला, 'तक्रार नाही', आणि तो बहुतेक जेवायला गेला.

ताई, मी तिथेच रडले. खुर्चीच्या पाठीला धरून, तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तशी. आणि खोटं कशाला सांगू, त्याच वेळी तुझा भयंकर रागही आला. तुला कोणी सांगितलं होतं? कोण तू एवढी मोठी लागून गेलीस? तुझ्या चादरींच्या घड्या, तुझं विकलेलं कपाट, तिसऱ्या मजल्यावर कंबर धरून चढणं, आणि माझ्याकडे आलीस की वर म्हणायचं, मला काय कमी आहे. यांच्या पलंगाचा दांडा फिरवताना तुला माहीत होतं पैसे कुणाचे. किंमत कशी विचारणार होतीस? आणि मी त्या न विचारण्यावरून तुला चुगलखोर ठरवलं. त्या खोलीत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती एकाच गोष्टीची. तू सतरा महिने माझ्याकडे येत होतीस, आणि मी दुप्पट झालेल्या भत्त्याबद्दल एक शब्द काढत नव्हते. तुला वाटलं असणार, हिला माहीत आहे. माहीत असून बहिणीचा घास खाते आणि वर तोंड पुसते. तसं समजूनसुद्धा तू मोजे विणून आणलेस?

आता जे लिहितेय ते लिहायचं नाही असं दोनदा ठरवलं होतं. चष्मेवाल्या बाईने मला एक अर्ज दिला, माफीचा. चूक कार्यालयाची, शिवाय या चिठ्ठीमुळे कार्यालयाला सतरा महिन्यांपूर्वीच कळलं होतं हे सिद्ध होतं. तेव्हा मी अर्ज केला तर वसुली माफ होईल, असं ती म्हणाली. फक्त एक आहे, ती म्हणाली, मग तुमच्या बहिणीची ती चिठ्ठी संमती धरली जाईल आणि त्यांचे मागचे पैसे कायमचे बुडतील. मी मान हलवली आणि अर्ज घरी आणला. तीन दिवस तो साखरेच्या डब्याखाली होता. भरलासुद्धा. यांच्या औषधांचा विचार केला, व्यायामवाल्याचा केला, म्हटलं हिने तर स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, राहू द्या म्हणून. शेवटचा रकाना असा होता, ही रक्कम आपली नाही हे कळण्याचे आपल्याला काही कारण होते का? मी लिहिलं, नाही. आणि सही करायला पेन टेकवलं, तर हात पुढे जाईना.

कारण पहिल्या महिन्याची बँकेची पावती मला आठवली. भत्ता वाढून आला नव्हता. दोन वेगळ्या ओळींत आला होता, दोन वेगळ्या अर्जक्रमांकांवर. माझ्या क्रमांकाच्या शेवटी सहा, आणि दुसऱ्याच्या शेवटी सात. आपले दोन्ही अर्ज मी एका बैठकीत, एकापाठोपाठ भरले होते. सात कुणाचा हे माझ्याएवढं कुणाला माहीत असणार? केसाएवढा तडा पळत्या बाटलीत पकडणारी मी, त्या पावतीवरून माझी नजर गेली, क्षणभर अडखळली, आणि मी कागदाची घडी करून डबीत ठेवला. परत उघडला नाही. मला माहीत होतं असं नाही म्हणणार मी. पण मी नीट बघितलं नाही, आणि ते मुद्दाम बघितलं नाही. आयुष्यभर ज्याच्या-त्याच्यावर संशय घेतला, दूधवाल्याला सोडलं नाही, आणि बरोबर त्या एका कागदावर मला संशय घ्यावासा वाटला नाही. तुला हे कळल्यावर तू काय म्हणशील याचा मला अंदाज येत नाही. पण तुझ्यापासून आणखी काही लपवून मला तुझ्यासमोर उभं राहता येणार नाही.

तो अर्ज या पाकिटात घातलाय, सही न केलेला. त्याऐवजी मी दुसरा कागद लिहून कार्यालयात दिलाय, की हे पैसे माझ्या बहिणीचे आहेत, ते माझ्या भत्त्यातून हप्त्याहप्त्याने कापून तिला द्यावेत आणि तिचा भत्ता पुढच्या महिन्यापासून तिच्या खात्यावर सुरू करावा. म्हणूनच व्यायामवाला बंद केलाय. पण चष्मेवाली म्हणते, दोऱ्याने बांधलेल्या फाइली नुसत्या कागदावर सुटत नाहीत, दोघींनी ओळखपत्रं घेऊन एकाच वेळी खिडकीसमोर उभं राहावं लागेल, म्हणजे बायका दोन आहेत हे साहेबांना दिसेल. ते सांगायला हे पत्र लिहिलं, बाकी सगळं त्यासाठी धीर यावा म्हणून. येत्या मंगळवारी अकरा वाजता, खिडकी नंबर सात. ये. राहू दे म्हणू नकोस, पत्र्यावर ठोकू नकोस, ही बाटली माझी आहे आणि ती मलाच काढू दे. तू माझ्या डाव्या बाजूला उभी राहा, म्हणजे तुझा उजवा आणि माझा डावा, दोघींचे धड कान एकमेकींकडे येतील. मला तुला एक शब्द सांगायचाय, तो मोठ्याने सांगायची माझी तयारी नाही. तिथून माझ्याबरोबर घरी चल. मोजे यांना आजच घातलेत, डावा जरा सैल होतोय. तू बटण दाब, दिवा लागेल, आणि या वेळी दार उघडेल. मग यांना वर-खाली कर, आणि मला त्या पलंगाची किंमत विचार. मी खरी सांगेन.

तुझीच,
अकरा मिनिटांनी धाकटी